सहा सूत

आमच्या घरात सकाळी ऑफिसला जायची ती आई आणि डबा भरून द्यायचे ते बाबा. टोकियोत निशी-कसाईतल्या आमच्या इमारतीत तेव्हा पाच-सहा मराठी घरं होती आणि बाकी सगळीकडे हे बरोबर उलटं होतं. बाबा साडेपाचला उठत, इंडियन दुकानातून आणलेलं ज्वारीचं पीठ चाळत आणि भाकऱ्या थापायला बसत. तो थपथप आवाज खालच्या मजल्यावर जायचा. एके दिवशी इमारतीचे मॅनेजर आले आणि दारात वाकून, फार अवघडून विचारू लागले की इतक्या पहाटे घरात कोणाला मार तर बसत नाही ना. हा प्रश्न बाबांना भाषांतर करून सांगताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबा मात्र पोट धरून हसले, त्यांनी आतून एक गरम भाकरी आणली आणि मॅनेजरच्या हातात ठेवली. दुसऱ्या दिवसापासून परातीखाली दुमडलेला टॉवेल आला. शाळेत जाताना मी देवाकडे एवढंच मागत असे, की आज बाबा छत्री द्यायला फाटकापाशी येऊ नयेत.

बाबा पुण्याला सातारा रस्त्यावरच्या एका गॅरेजात वीस-बावीस वर्षं मिस्त्री होते. जुन्या जीपगाड्या हा त्यांचा हातखंडा. आईला जपानचं काँट्रॅक्ट मिळालं तेव्हा ‘वर्षभराचा तर प्रश्न आहे’ म्हणत ते आमच्याबरोबर आले, आणि एका वर्षाची चार वर्षं झाली. शाळेत आणि मंडळाच्या गणपतीत मी सगळ्यांना सांगितलं होतं की माझे बाबा मेकॅनिकल इंजिनिअर आहेत. एकदा आरतीनंतर एका काकांनी त्यांना थेट विचारलं, ‘कुठल्या कॉलेजचे तुम्ही?’ बाबांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. माझं तोंड बघून त्यांना काय समजायचं ते समजलं असावं. ‘सध्या ब्रेक घेतलाय,’ एवढंच म्हणून ते प्रसादाच्या द्रोणांकडे वळले. घरी आल्यावर ते मला यावर एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर मला भांडता तरी आलं असतं.

आईच्या ऑफिसात एक ओकुदा-सान नावाच्या बाई होत्या. त्यांचे थोरले भाऊ त्सुकुबाला एका संशोधन संस्थेतून निवृत्त झाले होते आणि घरामागच्या शेडमध्ये स्वतःच्या हातांनी गाडी बनवत होते. दोन माणसांची, उघडी, सायकलच्या नळ्यांसारख्या नळ्या जोडून केलेली बारकी चासी आणि वरून ॲल्युमिनियमचा पत्रा. पण इंजिन मात्र त्यांना हवं होतं जुन्या अमेरिकन मोटारीचं, एका रांगेत सहा सिलिंडरचं, बिडाचं, धूड. त्यांच्या लहानपणी अमेरिकन लष्करी तळाजवळ त्यांचं घर होतं. तिथून जाणाऱ्या गाड्यांचा तो खर्जातला आवाज त्यांच्या डोक्यात बसला होता. भंगारातून इंजिन तर त्यांनी मिळवलं, पण त्याचा प्रत्येक बोल्ट इंचाचा, आणि जपानमध्ये सगळं मिलीमीटरचं. हे ऐकून आई सहज म्हणाली, ‘माझ्या नवऱ्याचा जन्म इंचात गेलाय.’ पुढच्या रविवारी आम्ही त्सुकुबाला निघालो. बाबांबरोबर मी, कारण बाबांना जपानीची चार वाक्यं यायची आणि या थोरल्या ओकुदा-सानना इंग्रजीची तेवढीच.

त्सुकुबाची वेगवान रेल्वे तेव्हा सुरू व्हायची होती. आम्ही बसने जायचो. बाबांच्या मांडीवर थालीपिठांचा डबा असायचा आणि बसभर भाजलेल्या भाजणीचा वास. मी दोन रांगा सोडून पुढे बसायचे आणि आमचा काही संबंध नाही असं दाखवायचे. ओकुदा-सानच्या पत्नीला ती थालीपीठं इतकी आवडली, की तिसऱ्या रविवारपासून त्या मुळ्याचं लोणचं आणि ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे, तयार ठेवून आमची वाट पाहायच्या. दोन्ही म्हातारे, म्हणजे मला तेव्हा म्हातारे वाटणारे, शेडमध्ये उलट्या टोपल्यांवर बसून जेवायचे. बाबा लोणच्यावर बेहद्द खूष. ओकुदा-सान थालीपिठाचा घास घेऊन डोळे मिटायचे. माझी गरज तेव्हा कोणालाच नसायची.

कामाला लागले की बाबा वेगळेच दिसायचे. घरी ते पावलं न वाजवता चालत, कचऱ्याच्या पिशव्या चारचारदा तपासून बघत, कोपऱ्यावरच्या कोंबिनी दुकानात सुटे पैसे मोजताना घाबरत. त्या शेडमध्ये त्यांचा आवाज चढायचा. नुसत्या बोटाने बोल्टाचं डोकं चाचपून कुठला पाना लागेल ते सांगायचे आणि तोच लागायचा. ओकुदा-सान आधी त्यांना शिंदे-सान म्हणत, मग शिंदे-सेन्सेई म्हणायला लागले. ‘सेन्सेई म्हणजे काय गं?’ बाबांनी विचारलं. ‘मास्तर,’ मी म्हटलं. बाबा लाजले आणि उगाचच पाना पुसत राहिले. मला त्यांचा अभिमान वाटला असेल असं कोणी म्हणेल. तसं काही नव्हतं. मला वाटलं, एवढ्या शिकलेल्या माणसाला माझे बाबा कोण आहेत ते कळलं तर काय होईल.

अडचण होती ती लांबीची. सहा सिलिंडरचं ते इंजिन त्या छोट्या गाडीच्या नाकात मावेना. मागे सरकवावं तर पाय ठेवायच्या जागेचा पत्रा कापावा लागे, पुढे घ्यावं तर पंखा रेडिएटरला टेकायला येई. एका रविवारी दुपारभर मोजमाप करून बाबा उठले, हात धुवायला नळाकडे जाता जाता मला म्हणाले, ‘मनू, त्यांना सांग, पंखा आणि रेडिएटरमध्ये सहा सूत सोडा. सहा म्हणजे सहा. पत्रा कापायला लागला तरी चालेल. इंजिन रबरावर बसणार आहे, ब्रेक मारला की पुढे झुकणार.’

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आपल्याकडे कुठल्याही सुताराला, गवंड्याला, फिटरला हे पोटातून माहीत असतं. मला माहीत नव्हतं. नवव्या वर्षी मी पुणं सोडलं होतं. माझ्यासाठी सूत म्हणजे दोरा. बाबांना हाक मारून विचारायला किती वेळ लागला असता? नळ दहा पावलांवर होता. पण ओकुदा-सान माझ्या तोंडाकडे बघत उभे होते, आणि आपल्याच भाषेतला शब्द आपल्याला कळला नाही हे त्यांना दिसू नये असं मला वाटलं. मी डोकं चालवलं. सूत म्हणजे इंग्रजीत थ्रेड, आणि थ्रेड, म्हणजे आटे, तर बोल्टालाही असतात. आट्यांचा जपानी शब्द मी आदल्याच रविवारी ओकुदा-सानकडून शिकले होते. तो वापरायची संधी मिळाली याचा मला आनंदच झाला. मी ऐटीत सांगितलं, ‘बोल्टाचे सहा आटे, एवढं अंतर.’ ओकुदा-सानना गंमत वाटली. त्यांनी इंजिनाचा एक बोल्ट उचलला, नखाने सहा आटे मोजले आणि विचारलं, ‘एवढं?’ मी जपानीत हो म्हटलं, ‘हाय.’ अमेरिकन इंजिन अमेरिकन बोल्टानेच मोजायचं, सेन्सेईंची पद्धतच वेगळी, असं काहीतरी ते स्वतःशीच म्हणाले. बाबा हात पुसत परत आले. ‘सांगितलंस?’ ‘सांगितलं.’

त्या बोल्टाचे सहा आटे म्हणजे बरोबर तीन सूत भरतात. हे मी पुष्कळ वर्षांनी, स्वतः एक तसा बोल्ट मिळवून, पट्टी लावून पाहिलं आहे.

पुढचे दोन रविवार माझ्या परीक्षेमुळे आम्ही गेलो नाही. तेवढ्यात ओकुदा-सानांनी माउंटिंग वेल्ड केलं, इंजिन बसवलं आणि निरोप धाडला, की या रविवारी गाडी बाहेर काढायची. निरोपात आणखी एक गोष्ट होती. जवळच जुन्या परदेशी गाड्या दुरुस्त करणारं एक वर्कशॉप होतं, त्याचे मालक ओकुदा-सानचे मित्र. इंचाच्या कामाला त्यांना माणूस मिळत नव्हता आणि शिंदे-सेन्सेईंचा हात बघायला ते मुद्दाम येणार होते. आधी आठवड्यातले तीन दिवस बाइतो, म्हणजे अर्धवेळ नोकरी म्हणून, आणि जमलं तर कायमचं. आईने बाबांचा शर्ट दोनदा इस्त्री केला. बाबांनी नखं ब्रशने घासली. बसमध्ये ते त्या दिवशी माझ्या शेजारी येऊन बसले आणि मी उठले नाही, याचं मला आजही थोडं बरं वाटतं. ‘तीन दिवस म्हणजे सोमवार, बुधवार, शुक्रवार असेल,’ ते म्हणाले. ‘तुझा डबा मी करूनच जाईन.’

भाताच्या शेतांमधल्या त्या अरुंद रस्त्यावर आठ-दहा शेजारी जमले होते. वर्कशॉपचे मालक स्वच्छ टोपी घालून, हात मागे बांधून उभे होते. बाबांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, वाकले, पंख्याजवळ हात नेला. ओकुदा-सानांनी पंख्याला गोल पत्र्याचं आवरण केलं होतं, त्यामुळे फट डोळ्यांना दिसत नव्हती. बाबांनी बोट आत घातलं आणि थांबले. ‘कमी वाटतंय गं. विचार त्यांना, सहा ठेवलंय ना?’ सगळे आमच्याकडे बघत होते. सगळ्यांसमोर आता माप विचारायचं म्हणजे सेन्सेईंना आपल्याच मापाची खात्री नाही असं दिसणार, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर, तेल लावलेले केस, इस्त्रीचा शर्ट आणि गाडीच्या तोंडात हात घालून ओणवे झालेले बाबा, हे दृश्य लवकर संपावं एवढंच मला हवं होतं. मी ओकुदा-सानकडे वळून, ‘सगळं व्यवस्थित आहे ना?’ असं विचारलं. ते हसून हो म्हणाले. मी बाबांना सांगितलं, ‘मोजून ठेवलंय म्हणतात.’

इंजिन सुरू झालं. तो आवाज मी पुन्हा कधी ऐकला नाही. कानाला कमी आणि छातीला जास्त ऐकू येणारा. ओकुदा-सानच्या पत्नी तोंडावर हात ठेवून रडायला लागल्या. वर्कशॉपच्या मालकांनी मागचे हात सोडले आणि बाबांकडे बघून मान हलवली. बाबांनी दोन्ही हात छातीशी जोडले होते, देवळात उभे असल्यासारखे. गाडी निघाली, पन्नासेक पावलं गेली, शेताच्या वळणावर एक सायकलवाली आजी समोर आली आणि ओकुदा-सानांनी ब्रेक मारला. डब्यात खिळे टाकून हलवावेत तसा कर्कश खडखडाट झाला, मग फुस्स करून वाफेचा लोट उठला आणि गाडीखालून हिरवं पाणी वाहू लागलं.

आजीला काही झालं नाही, ओकुदा-सानना काही झालं नाही. रेडिएटरची मात्र चाळण झाली होती. बाबा धावत गेले, हात भाजत असतानाच त्यांनी आवरणाचा पत्रा सोडवला, खिशातली स्टीलची पट्टी काढली आणि जिथे रेडिएटर शाबूत होता तिथे फटीत धरली. इंचाच्या बाजूवरच्या बारीक रेघा ते नखाने मोजत होते. ‘एक सूत, दोन सूत, तीन सूत.’ सूत म्हणजे ती रेघ होती. बाबांनी मान वर केली. ‘तीनच आहे. मनू, मी सहा सांगितलं होतं ना गं?’

त्या क्षणी मला सगळं स्पष्ट कळलं होतं. गोंधळले, घाबरले, लहान होते, ही सगळी कारणं मी पुढे स्वतःला दिली आहेत आणि त्यातलं एकही पुरत नाही. मी तेरा वर्षांची होते आणि मी काय करते आहे हे मला कळत होतं.

‘तीन म्हणालात, बाबा.’

‘तीन?’

‘हो. तीनच म्हणालात. मी ऐकलंय ना.’

बाबा पट्टीकडे बघत राहिले. मागे वर्कशॉपचे मालक येऊन उभे होते. त्यांनी मला विचारलं, ‘काय म्हणताहेत ते?’ मी म्हटलं, ‘माप सांगताना त्यांची चूक झाली, असं म्हणताहेत.’ ओकुदा-सान हळू आवाजात म्हणाले की त्यांनी बरोबर सहा आटे मोजून ठेवले होते. ते मी बाबांना सांगितलंच नाही. बाबांना शब्द कळले नाहीत, पण सगळ्यांच्या नजरा कळल्या. ते उठून उभे राहिले, कमरेत पूर्ण वाकले आणि त्यांच्या चार वाक्यांतलं एक, माफ करा हे, पुन्हा पुन्हा म्हणू लागले. ‘सुमिमासेन. सुमिमासेन.’ इस्त्रीच्या शर्टावर हिरवं पाणी उडालं होतं. ओकुदा-सान त्यांना खांद्याला धरून उठवू पाहत होते आणि ते उठत नव्हते. मालकांनी टोपी काढून नमस्कार केला आणि ते त्यांच्या गाडीकडे निघून गेले. मी तिथेच उभी होते. एक वाक्य पुरलं असतं, मराठीत किंवा जपानीत, कुठल्याही. मी दोन्ही भाषांत गप्प बसले.

त्यानंतर दोन रविवार बाबा एकटेच त्सुकुबाला गेले, रेडिएटर झाळून द्यायला. खुणांवर काम भागवलं असेल. मग जाणं थांबलं. ओकुदा-सान बोलावत राहिले, फोन मीच घ्यायचे. बाबा म्हणायचे, ‘सांग, तब्येत बरी नाही.’ मी ते अगदी अचूक भाषांतर करून सांगायचे. वर्कशॉपकडून काही निरोप आला नाही. सहा महिन्यांनी बाबा बेंतोच्या, म्हणजे जेवणाच्या तयार डब्यांच्या, कारखान्यात कामाला लागले. पांढरी टोपी, पांढरा मास्क, पट्ट्यावरून सरकणाऱ्या डब्यांत गाजराचे दोन-दोन काप ठेवायचे. अठरा वर्षं त्यांनी ते केलं, आणि कुरकुर न करता केलं. तिथे मोजायचं काही नसतं, हे त्यांना बरं वाटतं असं एकदा ते आईला म्हणाल्याचं मी ऐकलं.

घरात एक बदल झाला, तो बाकी कोणाला जाणवलाही नसेल. पडद्याचा दांडा बसवायचा असो की फडताळाची फळी, बाबा पट्टी लावायचे, वाचायचे आणि मग आईला किंवा मला हाक मारायचे, ‘जरा बघ गं, किती दिसतंय तुला?’ आम्ही तोच आकडा सांगितला तरी त्यांचं समाधान व्हायचं नाही. ‘माझा आता भरवसा राहिला नाही,’ ते म्हणायचे. बोटाने बोल्ट ओळखणारा माणूस हे म्हणायचा. मी आकडा सांगायचे आणि माझ्या खोलीत निघून जायचे.

हे प्रकरण मी बरीच वर्षं लिहायचं टाळलं. आता माझीच मुलगी तेरा वर्षांची आहे, माझ्या मराठीला जपानीत उत्तर देते, आणि दुकानात मी जपानी बोलताना चुकले की खजील होऊन दुसरीकडे बघते. ते बघणं मी ओळखते. लिहायला बसले तेव्हा लक्षात आलं, की हे कागदावर यायच्या आधी ज्यांना कळायला हवं ते माझ्या घरापासून दोन स्टेशनांवर राहतात आणि आता पंच्याहत्तरीला आले आहेत. मागच्या शनिवारी दुपारी मी गेले. आई आतल्या खोलीत पडली होती. बाबा ओट्यापाशी खाली बसून मेथी निवडत होते. मी त्यांच्यासमोर बसले आणि सांगितलं. सूत, थ्रेड, आटे, फटीत बोट घालून त्यांनी विचारायला सांगितलेलं न विचारणं, आणि मग ते तीन. सगळं सांगितलं, माझी बाजू न घेता सांगायचा प्रयत्न केला. वर्कशॉपच्या मालकांना मी काय म्हणाले होते तेही सांगितलं. मी खाली बघत होते. मला वाटलं होतं ते चिडतील, किंवा ‘जाऊ दे, लहान होतीस’ म्हणतील, आणि दोन्हींची तयारी मी करून गेले होते.

मग बाबांनी विचारलं, ‘म्हणजे मी सहा म्हणालो होतो?’

‘हो बाबा.’

‘नक्की आठवतंय तुला?’

‘सहा म्हणजे सहा, असं म्हणाला होतात.’

त्यांचा चेहरा एकदम उजळला. मी लहानपणी पैकीच्या पैकी गुण आणल्यावर उजळायचा, तसा. माझ्यावर रागवायचं त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. हातातली जुडी तशीच टाकून ते उठले, भिंतीला धरून आतल्या खोलीच्या दाराशी गेले आणि मोठ्याने म्हणाले, ‘अगं, ऐकलंस का? सहाच म्हणालो होतो मी! सहाच!’

आई झोपेतून उठत विचारू लागली, ‘काय सहा? कशाचे सहा?’

बाबांनी तोंड उघडलं, पण त्यांना पुढचं बोलता येईना. ते दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले, खांदे हलत होते. आई पुन्हा पुन्हा विचारत होती. मग मी उठले, त्यांच्या बाजूने आत गेले आणि आईला सगळं पहिल्यापासून सांगितलं.